पुरसा

रत्नागिरी,
१० नोव्हेंबर १९५७

प्रिय खुर्शीद,

साडेसहा वर्षांनी पत्र लिहिते आहे, आणि तेही कामासाठी. अक्षर ओळखून पाकीट तसंच फळीवर ठेवून दिलंस तरी मला राग येणार नाही. पण फोडलंस तर पुढचं वाच.

आमच्या शाळेचे जुने हेडमास्तर आप्पा, पेन्शनीत निघाल्यापासून शब्द गोळा करत असतात. आपल्या किनाऱ्यावरच्या बोलीतले. होड्यांचे, माशांचे, भाताचे शब्द त्यांनी स्वतः गावोगाव हिंडून मिळवले. पण बायका त्यांच्याशी बोलेनात. मास्तर समोर आले की डोक्यावर पदर, आणि तोंड बंद. म्हणून बायकांच्या तोंडच्या शब्दांची वही त्यांनी माझ्याकडे दिली आहे.

सध्या मी अडले आहे ते एका साध्या गोष्टीपाशी. कुणाच्या घरी माणूस गेलं की आपण तिथे जातो, बसतो, त्या जाण्याला काय म्हणायचं? पुस्तकात 'सांत्वन' आहे. आप्पा सांगतात, तो संस्कृतातून आला, गोड बोलून शांत करणं असा त्याचा अर्थ. 'दिलासा' फारशीतला. दिल म्हणजे काळीज, त्याला विसावा देतो तो दिलासा. पण आपल्या बायका यातलं काहीच म्हणत नाहीत. तांदूळ घेऊन येणाऱ्या सखूला विचारलं, तर ती म्हणाली, "आम्ही नुसतं 'जाऊन येतंय' म्हणतो. कुठं ते सगळ्यांना ठाऊक असतं."

तुमच्यात काय म्हणतात? आप्पा म्हणाले, राजिवड्यातल्या मुसलमान बायकांपैकी कुणाला तरी विचारा. मला तू आठवलीस. चौथीपर्यंत एका पाटावर बसलो आपण, तुझ्याइतकं नीट मराठी लिहिणारी तिथे दुसरी कोण होती? सोबत पत्ता घातलेलं कार्ड ठेवलं आहे.

आई बरी आहे. रघू बरा आहे, लाकडाच्या वखारीत कारकुनी करतो. तुझी मैमुना केवढी झाली?

तुझी,
आनंदी

रत्नागिरी,
२ डिसेंबर १९५७

प्रिय खुर्शीद,

कार्ड आलं नाही. येणार नव्हतंच. पत्र पेटीत टाकून घरी आले, भाताला आधण ठेवलं, आणि मग लक्षात आलं की आपण कुणाला काय विचारलं! जिच्या नवऱ्याचं गलबत बुडालं, ज्याची मयत कधी हाताला लागली नाही, तिला मी विचारते आहे की मयताच्या घरी जाण्याला तुमच्यात काय म्हणतात. शाळेत मुलींना मी 'विचार करून बोला' म्हणून शिकवते.

तो शब्द मला सईदाचाचींकडे मिळाला. तुझ्या जुन्या घराच्या अलीकडचं त्यांचं घर. त्या ओटीवर सुकट निवडत बसल्या होत्या.

"पुरसा," त्या म्हणाल्या. "माझी माय म्हणायची. पुरसा द्यायला जायचं."

"म्हणजे दिलासाच ना?"

"नाय गो. दिलासा वेगळा. पुरसा म्हणजे पुसणं. जायचं, बसायचं, आणि पुसायचं. कसं झालं, शेवटाला काय बोलला, आता तुझं कसं चाललंय. ज्याचं गेलं त्यानं बोलायचं. आपण बोलायला जातच नाय, आपण ऐकायला जातो." मग सुपातला हात थांबवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू गेली होतीस काय खुर्शीदकडे पुसायला?"

मी वही मिटली.

आप्पांना सांगितलं तर म्हातारा अगदी खूश झाला. म्हणाले, फारशीत पुरसीदन म्हणजे विचारणं. आपलं पुसणं संस्कृतातल्या पृच्छ्‌वरून आलं, आणि हे दोघे फार जुने सख्खे भाऊ. डोळे पुसतो ते पुसणं निराळं, त्याचा धातू वेगळा. पण लोकांच्या तोंडात दोन्ही एक होऊन बसले. "बघा आनंदीबाई, विचारणं आणि पुसून टाकणं, एकच शब्द!" त्यांना वाटलं मी आनंदाने गप्प झाले.

मला वीस वर्षांपूर्वीचा एक दिवस आठवत होता. लग्नाला आठ महिने झाले आणि माझे यजमान विषमज्वराने गेले. मी माहेरी परत आले. आईच्या ओटीवर रोज बायका यायच्या. देवाच्या मनात होतं, तुझं नशीब, रडू नकोस, रड, मोकळी हो. प्रत्येकीकडे काहीतरी सांगायला होतं. तू आलीस, माझ्याजवळ बसलीस, आणि म्हणालीस, "मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नाय गो. आवाज कसा होता त्यांचा?"

तोवर मला कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांचा आवाज कसा होता, ते हसताना तोंडावर हात कसा धरायचे, भाकरी मोडून आधी बाजूला का ठेवायचे, सगळं मी तुला दिवेलागणीपर्यंत सांगत बसले. त्या आठ महिन्यांतलं माझ्याजवळ जे काही आज शिल्लक आहे, ते त्या दिवशी मी तुला सांगितलं म्हणून आहे.

आणि तुझी वेळ आली तेव्हा मी आले नाही. तुझ्या माझ्या घरात एक गडगा होता, तो ओलांडून आले नाही. जवळ शब्द नव्हते म्हणून आले नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. आता सईदाचाची म्हणतात, शब्द न्यायचेच नव्हते.

आनंदी

रत्नागिरी,
२३ डिसेंबर १९५७

प्रिय खुर्शीद,

मागच्या पत्रात मी कारण दिलं ते खरं नाही. खोटंही नाही, पण ते पुढे करून मी खरं मागे ठेवलं.

परवा बाजारात तुझे नझीरभाई भेटले. कामासाठी बुरोंडीहून आले होते. मीच थांबवलं. आधी तुटक बोलले, मग भडाभडा बोलले. म्हणाले, हंगाम सुरू झाला की बहीण हर्णैच्या बंदरावर जाते आणि येणाऱ्या तांडेलांना विचारते, माझा माणूस कुठे दिसला काय. कुणा खलाशाने बसऱ्याला त्यांच्यासारखा एक जण बघितला म्हणून सांगितलं, तेव्हापासून तर तिला काही पटतच नाही. नवरा गेल्यावर बसायचं त्या इद्दतीला बसली नाही, बांगड्या उतरवल्या नाहीत. मैमुनाला हर्णैच्या अस्लमचं स्थळ आलंय, मुलगा आगबोटीवर नोकरीला, घर चांगलं. पण बहीण म्हणते, बाप येऊ दे, मग निकाह. "मुलगी सतराची झाली, बाई. ते लोक ईदपर्यंत थांबतो म्हणतात. पुढे नाय थांबणार."

मी घरी आले. त्या दिवशी शाळेत काय शिकवलं ते आठवत नाही.

गलबत बुडालं त्याच्या दुसऱ्या सकाळचा प्रसंग तुला आठवत असेलच, पण मी तो माझ्या बाजूने लिहिते. जमालभाईंच्या गलबतावरून गेलेल्या रघूला मालगुंडच्या होडीवाल्यांनी पाण्यातून काढलं आणि बैलगाडीत घालून घरी आणलं. आईने त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, नारळ फोडला, आणि खोबरं-साखर वाटायला लागली. तिला दुसरं काही दिसत नव्हतं. एकुलता मुलगा परत आला होता. तेवढ्यात तू गडग्यावरून धावत आलीस. डोक्यावर ओढणी नव्हती. "रघू, ते कुठे आहेत रे?" रघूने भिंतीकडे तोंड फिरवलं. "काय ठाऊक नाय, भाबी. गलबत उलटलं, मंग कोण कुठं गेलं मला काय दिसलं नाय." आणि आईने, अंगणात आलेल्या प्रत्येकाला देत होती तशी, तुझ्याही हातावर साखर ठेवली.

तू ती साखर हातात घेऊन उभी होतीस. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. मी बाहेर यायला हवं होतं. तुझा हात धुवायला हवा होता. पण खुर्शीद, माझ्या पोटात त्या वेळी आनंद होता. माझा भाऊ वाचला होता. तो आनंद तोंडावरून पुसता येईना म्हणून मी दारामागे उभी राहिले. रामा आणि बाबल्या, दोघा खलाशांची प्रेतं गणपतीपुळ्याला लागल्याचं दुपारी कळलं. जमालभाईंचं काही कळलं नाही. महिन्याभराने तू घराला कुलूप लावून मैमुनाला घेऊन बुरोंडीला नझीरभाईंच्या घरी गेलीस, तेव्हाही मी खिडकीतच होते.

अजून एक आहे. ते आज लिहवत नाही. आधी रघूशी बोलायला हवं.

आनंदी

रत्नागिरी,
१२ जानेवारी १९५८

खुर्शीद,

हे पत्र एकटी असताना वाच. किंवा नझीरभाईंना जवळ बसवून वाच. मला ठाऊक नाही कसं बरं पडेल.

जमालभाई गेले. त्याच दिवशी गेले. बसऱ्याला दिसला तो दुसरा कुणीतरी. रघूने त्यांना जाताना बघितलं.

गलबत उलटल्याच्या दीड महिन्यानंतर रघूने मला सांगितलं. आता मी ते त्याच्याकडून पुन्हा ऐकलं आणि लिहिते आहे. एक शब्द माझा नाही.

कौलं भरून मंगळुराहून येत होते. हंगामातली शेवटची खेप. कौलं निवडायला म्हणून व्यापाऱ्याने रघूला पाठवलं होतं. रत्नागिरी दिसायला लागली आणि वारा फिरला. बंदरात शिरता येईना, वाऱ्याने मिऱ्याच्या डोंगरापुढे उत्तरेला लोटलं. दुपारी गलबत कलंडलं. डोलकाठी मोडून पाण्यावर आली, ती रघूच्या आणि जमालभाईंच्या हाताला लागली. जमालभाईंचा उजवा हात काठीखाली येऊन मोडला होता. रघूला पोहता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी डाव्या हाताने आणि दातांनी दोर ओढून रघूला काठीला बांधलं. स्वतःला बांधायला दोर उरला नाही.

मग ते त्याच्याशी बोलत राहिले. रघूची शुद्ध हरपत होती, तसतसे त्याला विचारत राहिले. तुझ्या ताईच्या शाळेत मुली किती रे? पहिल्या नंबरची कोण? तुमच्याकडे फणसाच्या भाजीत काय घालतात? आई तुला काय म्हणून हाक मारते? उत्तर दिलं नाही तर काठी बगलेत धरून डाव्या हाताने पाणी मारायचे. "बोल रे, बोल. गप ऱ्हाऊ नको." रघू म्हणतो, त्या प्रश्नांनी मला जागं ठेवलं, नाहीतर मी बांधलेला असूनसुद्धा मेलो असतो.

दिवस बुडायला आला तशी त्यांची पकड सुटायला लागली. "रघू, हात दे," म्हणाले. हाताच्या अंतरावर होते. रघू बांधलेला होता, तो बुडला नसता. पण त्याने काठीची मिठी सोडली नाही. "रघू, हात दे रे." दुसऱ्यांदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले नाहीत.

हे मला सांगितलं त्याच दिवशी रघू तुझ्याकडे यायला निघाला होता. तू नुकतीच बुरोंडीला गेली होतीस. त्याने चपला घातल्या, छत्री घेतली. मी दार अडवलं. म्हटलं, लोक काय म्हणतील, भंडाऱ्याच्या पोराने तांडेलाला बुडू दिला म्हणतील. आईला हे कळलं तर ती जगायची नाही. म्हटलं, आता सांगून त्यांचा माणूस परत येणार आहे काय? गप बस. त्याने चपला काढल्या.

तेव्हापासून तो गप आहे. भाट्याची खाडी होडीतून ओलांडत नाही. लग्न नको म्हणतो. आणि तू हर्णैच्या बंदरावर उभी आहेस. रघूने एका संध्याकाळी हात दिला नाही, खुर्शीद. मी साडेसहा वर्षं दिला नाही.

मी काल त्याला सगळं सांगितलं. हर्णै, बसरा, मैमुना. तो म्हणाला, "लिही. पण लिहून भागायचं नाय, ताई. मला जायला हवं." तू नको म्हणालीस तर तो येणार नाही.

आनंदी

(कार्ड)

बुरोंडी,
२० जानेवारी १९५८

आनंदीस,

चारही पत्रं पोचली. रघूला पाठव. तू येऊ नकोस.

खुर्शीद

बुरोंडी,
४ फेब्रुवारी १९५८

आनंदी,

रघू तुझ्याकडे पोचला असेल. तो काही सांगणार नाही, म्हणून मी लिहिते. लिहायची सवय गेली आहे, चुका काढू नकोस.

गुरुवारी दुपारी आला. दापोलीपर्यंत एस.टी.ने आणि तिथून चालत. मी त्याला ओळखलं नाही. पंचविशीतला पोर बघितला होता मी, आणि हा पांढऱ्या केसांचा बाप्या अंगणात उभा. आत ये म्हटलं तर येईना. शेवटी ओटीच्या कडेला बसला. मैमुनाने पाणी आणून ठेवलं. तिला बघून त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

नझीर आत होता. पत्रं मी त्याला वाचून दाखवली होती. तो बाहेर आला आणि रघूच्या अंगावर धावला. मी म्हटलं, नझीर, तू मशिदीत जाऊन ये. हा माझ्याकडे आलाय. तो गेला, जाताना फाटक आपटून गेला.

रघूला तोंड फुटेना. भाबी म्हणायचा आणि थांबायचा. तेव्हा मग मीच पुसलं. कुठला हात मोडला होता? उजवा. खांद्यात काय कोपरात? खांद्याखाली. फार दुखत होतं काय? दुखत असणार, पण बोलले नाहीत. अंगात काय होतं? निळी बंडी. ती मी शिवली होती. एकेक पुसत गेले, तसा तो सांगत गेला. रडत होता, पण सांगत होता.

मग मला जे पुसायचं होतं ते पुसलं. शेवटाला कलमा पढले काय?

रघू म्हणाला, "भाबी, मला तुमच्यातलं कळत नाय. पण हात दे म्हणायचं थांबवल्यावर ओठ हलत होते. डोळे मिटलेले नव्हते. ला, ला, असं कायतरी होतं. मंग लाट आली."

आनंदी, कलमा 'ला'नेच सुरू होतो. मी साडेसहा वर्षं बंदरावर हजार माणसांना पुसलं असेल. मला ठाऊक नव्हतं की मला पुसायचं होतं ते एवढंच.

रघू म्हणाला, "मी हात दिला नाय, भाबी." मी म्हटलं, तुझ्या ताईने लिहिलंय. तो म्हणाला, "तरी मला सांगायचंय. मी हात दिला नाय." मी त्याला माफ केलं असं लिहीत नाही. माफीचं मला अजून कळत नाही. पण मी त्याला पुसलं, तुला तेव्हा थंडी वाजत होती काय रे? आणि तो इतका रडला की मैमुना भिऊन बाहेर आली. तिनेच त्याला हाताला धरून आत आणलं.

शुक्रवारी जुम्म्यानंतर मशिदीत त्यांच्या नावाने नमाज झाली. मयत समोर नसली तरी पढतात तशी. रघू बाहेर विहिरीपाशी उभा राहिला होता, सगळं होईपर्यंत उन्हात. परत येताना नझीर त्याच्या बरोबरीने चालत आला.

मी नझीरला मौलवींना पुसायला सांगितलं, आता इद्दतीला बसू काय. त्यांनी सांगितलं, इद्दत मौतीच्या दिवसापासून मोजायची, तुझी कधीच संपली. मी म्हटलं, मग मी इतकी वर्षं कशात बसले होते? बांगड्या मी स्वतःच उतरवल्या. मनगट फार हलकं लागतं.

आता तुझं. माझा राग तुझ्यावर आहे. रघूवर आहे त्यापेक्षा जास्त आहे. तो पाण्यात होता. तू घरात होतीस. दार अडवलंस ते वाचलं तेव्हा मी तुझं पत्र चुलीत घालणार होते. घातलं नाही, कारण त्यांनी विचारलेले प्रश्न त्यात लिहिले होते. फणसाची भाजी. मला ऐकू आला त्यांचा आवाज.

पण तुझं मला काहीच ठाऊक नाही. ते सगळं पोटात ठेवून तू रोज शाळेत कशी जात होतीस, आईसमोर कशी बसत होतीस, रघूला रोज जेवायला कशी वाढत होतीस. पत्रातून ते पुसून होणार नाही. समोर बसायला हवं.

मैमुनाचा निकाह रमजानच्या आधी ठरवला आहे. अस्लमच्या घरचे परवा येऊन गेले. शिमग्याला तुझ्या शाळेला सुट्टी असते, तेव्हा ये, आणि निकाहापर्यंत राहा. रजा किती मिळेल ते विचारून लगेच कळव.

खुर्शीद